बयतन

साक्रीच्या खाली, पांझरेच्या उजव्या काठाला
एक भिंत आहे. कुणी बांधलेली नाही.
काळे, पाच-सहा पैलूंचे ओंडके
आडवे, एकावर एक, टोकं एका रेषेत,
जशी एखादी नीटस बाई
वैशाखातच सरपण रचून ठेवते.

गाव तिला बयतन म्हणतं.
शेळ्या बयतनवर चढतात,
पोरं बयतनवरून डोहात उड्या मारतात,
आणि चुकामूक झाली तर माणसं
बयतनपाशी भेटतात.

भुरीआत्या सांगायची:
झुगरीबाईनं लेकीच्या लग्नासाठी
चार महिने डोक्यावरून लाकूड आणलं,
इथं नदीकाठी रचलं.
मग वाड्यावरच्या गाड्या आल्या रिकाम्या,
भरून जायला.
ती आडवी उभी राहिली.
"हाई बयतन नही रे भाऊ, धोंडा शे."
गाडीवान हसला. त्यानं हात लावला.
हात गार पडला, तसा तो बैल वळवून गेला.
सकाळी तिनं कुऱ्हाड घातली
तर ठिणगी उडाली.

लग्नात मग काय शिजलं?
मी विचारलं होतं, सात-आठ वर्षांचा असेन.
आत्या वात वळत होती.
"हरभरा. भिजाडेल."

आजा उखर्डू फडाचा पाटकरी.
त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, मोजपट्टी नव्हती.
खालून सातव्या ओंडक्याला पाणी टेकलं
की शेवटच्या फडाची बारी सोडायची,
चौथ्यावर उतरलं की भांडणं सुरू होणार
हे धरून घरून भाकर बांधून निघायचं.
सातव्यावर त्याच्या अंगठ्याएवढी खाच आहे.
ती त्यानं पाडली की घासून पडली
यावर घरात अजून एकमत नाही.

पुढे धुळ्याहून एक मॅडम आल्या,
गळ्यात भिंग, पिशवीत हातोडी.
म्हणाल्या, साडेसहा कोटी वर्षं, थोडं इकडेतिकडे.
जमीन फाटली, फटीत तापलेला रस चढला,
तिथंच थिजला. थिजताना तडकला
आणि त्या तड्यांचे हे ओंडके झाले.
भिंत कधी वर आलीच नाही, त्या म्हणाल्या,
दोन्ही बाजूंची जमीन
नदीनं धुऊन खाली नेली.
म्हणजे आपण खाली आलो, ती होती तिथंच राहिली.

म्हणजे आधी आग, मग सरपण.
झुगरीबाईनं गोष्ट फक्त
मागून पुढे सांगितली.

रस्ता रुंद झाला त्या साली
पूर्वेकडचा तुकडा गेला, बैलगाडी जाईल एवढा.
सुरुंग लावले. दुपारी बाराला भोंगा,
मग आमच्या चुलीवरच्या पातेल्यात माती.
त्या खिंडीतून आता वारा येतो
आणि पलीकडच्या गावचं लाउडस्पीकर.
कुसुंब्याच्या अलीकडे एसटी जिथं खडखडते
तिथं मी पाय थोडे उचलून धरतो.
का, ते नीट सांगता येणार नाही.

मागच्या मार्गशीर्षात पुन्हा एक ठेकेदार,
शिक्क्याचा कागद घेऊन ग्रामसभेत.
काळा पाषाण, इतके ब्रास, पंचायतीला इतके.
सरपंचानं चष्मा पुसला.
भुरीआत्या मागं बसली होती, भिंतीला टेकून,
ऐंशीच्या पुढची. उठायला दोघी लागल्या.
म्हणाली,
"हाई धोंडा नही रे भाऊ, बयतन शे."
आणि लाकडाचा परवाना
वनखात्याकडून लागतो, हेही म्हणाली, मराठीत.

सगळे हसले. ठेकेदार सगळ्यांत जास्त.
कागद टेबलावर राहिला. निकाल अजून नाही.

त्या रात्री मी नदीवर गेलो.
मार्गशीर्षाची थंडी, पाणी चौथ्याच्याही खाली.
आज्याच्या खाचेत अंगठा ठेवला.
गार असायला हवं होतं.
मी वाकून वास घेतला, मग आजूबाजूला पाहिलं
कुणी बघत तर नाही ना,
आणि पुन्हा घेतला.